सर्व्हर तुमचा, पत्ता कोणाचा?

क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या संगणकांवर, सर्व्हर सुरू केला की बहुतेक वेळा त्याच्यासोबत पब्लिक आयपी पत्ताही (इंटरनेटवरून सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा आकडी पत्ता) मिळतो. त्यामुळे पत्ता म्हणजे सर्व्हरचाच एक भाग असा समज होतो आणि पुढच्या बऱ्याचशा अडचणी तिथून सुरू होतात. पत्ता ही स्वतंत्र वस्तू आहे. तो वेगळा राखून ठेवता येतो, त्याचं बिल वेगळं लागतं आणि सर्व्हर गेल्यावरही तो मागे उरू शकतो. क्लाउड निवडताना यंत्रांच्या ताकदीची तुलना सगळेच करतात. पत्ता कधी हातातून जातो आणि पैसे कधीपासून लागतात, हेही तितक्याच बारकाईने बघायला हवं.

एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचं क्लाउड), अझूर (मायक्रोसॉफ्टचं) किंवा गूगल क्लाउडवरच्या सर्व्हरमध्ये शिरून नेटवर्क कार्डाची माहिती काढली, तर तिथे पब्लिक पत्ता दिसतच नाही. दिसतो तो फक्त खासगी पत्ता. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता क्लाउडच्या नेटवर्कमध्ये ठेवलेला असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर (डेटाच्या तुकड्यावर) तो बदलून लावला जातो. म्हणूनच तो एका सर्व्हरवरून काढून दुसऱ्याला लावणं काही क्षणांचं काम असतं. आपला प्रोग्रॅम पब्लिक पत्त्यावर थेट ऐकायला लावला तर तो सुरूच होत नाही, त्याचंही कारण हेच.

पत्त्यांना पैसे का पडतात? आयपीव्ही४ (आयपी पत्त्यांचा जुना, प्रचलित प्रकार) पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणून एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांना पत्ते बाजारातून विकत घ्यावे लागले आणि तो खर्च ग्राहकापर्यंत पोहोचला. एडब्ल्यूएसवर आधी चालू सर्व्हरला लावलेला पत्ता फुकट असे, पडून राहिलेल्याचे पैसे लागत. १ फेब्रुवारी २०२४ पासून लावलेला असो वा रिकामा, प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात. महिन्याचे ७३० तास धरले तर एका पत्त्याचे ३.६५ डॉलर. एकटा पत्ता बिलात दिसणारही नाही, पण चाचणीसाठी उभे केलेले ४० सर्व्हर असतील तर नुसत्या पत्त्यांचेच महिन्याला १४६ डॉलर होतात.

एडब्ल्यूएसवर आपोआप मिळालेला पत्ता रीबूट केल्यावर टिकतो, पण सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू केला की नवा येतो. कायमचा हवा असेल तर इलॅस्टिक आयपी घ्यावा लागतो. तो एका रीजनपुरता (क्लाउडच्या एका भौगोलिक विभागापुरता) असतो आणि सुरुवातीची मर्यादा रीजनमागे ५ असते. वाढवून मागता येते, पण ऐन मोठ्या बदलाच्या रात्री ही मर्यादा आडवी येऊ नये म्हणून मागणी आधीच नोंदवून ठेवावी.

अझूरवर पब्लिक आयपी पहिल्यापासूनच वेगळी नोंद असते. जुना बेसिक प्रकार ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाला. आता स्टँडर्ड प्रकार वापरायचा, आणि आयपीव्ही४ साठी तो कायम स्थिर असतो. इथे नवखे लोक हमखास अडकतात. स्टँडर्ड पत्त्यावर बाहेरून येणारी वाहतूक मुळात बंद असते. पत्ता लावला, सर्व्हर चालू आहे, तरी पान उघडत नाही, अशा वेळी नेटवर्क सिक्युरिटी ग्रुपमध्ये (वाहतुकीला परवानगी देणाऱ्या-नाकारणाऱ्या नियमांच्या यादीत) त्या पोर्टसाठी (सेवेच्या क्रमांकित दारासाठी) परवानगीचा नियम आहे का ते आधी बघा. दुसरी गोष्ट म्हणजे सर्व्हर हटवताना पत्ताही हटवायचा पर्याय निवडला नसेल तर तो मागे राहतो आणि बिल चालूच राहतं.

गूगल क्लाउडची एक सोय मला सगळ्यात चांगली वाटते. चालू सर्व्हरचा तात्पुरता पत्ता, सर्व्हर न थांबवता, आहे तसाच राखीव करता येतो. मात्र राखून ठेवलेला आणि न वापरलेला पत्ता तासाला ०.०१ डॉलर, म्हणजे वापरातल्या पत्त्याच्या दुप्पट पडतो. शिवाय पत्ता घेतानाच प्रीमियम की स्टँडर्ड नेटवर्क (गूगलच्या नेटवर्कचे दोन दर्जे) ते ठरवावं लागतं, नंतर त्याच पत्त्याचा प्रकार बदलत नाही. सर्व्हरला रीजनचा पत्ता लागतो. ग्लोबल पत्ता लोड बॅलन्सरसाठी (येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेसाठी) असतो आणि प्रीमियममध्येच मिळतो.

डिजिटल ओशन या क्लाउडवर रिझर्व्ह्ड (राखीव) आयपी सर्व्हरला लावलेला असेपर्यंत फुकट असतो. पण सर्व्हरचा मूळ पत्ताही शिल्लक असतो आणि बाहेर जाणारी वाहतूक, वेगळी मांडणी केली नाही तर, त्या मूळ पत्त्यावरूनच जाते. समोरच्या कंपनीने आपल्या फायरवॉलमध्ये (नको ती वाहतूक अडवणाऱ्या यंत्रणेत) रिझर्व्ह्ड पत्त्याला परवानगी दिलेली असते, विनंती जाते दुसऱ्याच पत्त्यावरून, आणि ती नाकारली जाते. हेट्झनर या क्लाउडचा फ्लोटिंग (एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येणारा) आयपी तर सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये स्वतः नोंदवावा लागतो, नाहीतर पॅकेट येऊनही उत्तर जात नाही.

सगळ्यात गंभीर धोका पत्ता सोडून देताना असतो. सोडलेला पत्ता कंपनीच्या साठ्यात परत जातो आणि दुसऱ्या कुठल्याही ग्राहकाला मिळू शकतो. आपल्या डोमेनची डीएनएस नोंद (नावावरून पत्ता सांगणारी) त्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहिली, तर आपल्या नावावर येणारे लोक त्या अनोळखी सर्व्हरवर पोहोचतात. त्या सर्व्हरचा मालक आपल्या नावाचं वैध टीएलएस प्रमाणपत्रही (साइटची ओळख पटवणारं) मिळवू शकतो, कारण त्या डोमेनवरचं पान त्याच्या ताब्यात असतं. असे पत्ते हाती लागावेत म्हणून पत्ते घेत-सोडत बसणारे लोक आहेत. म्हणून क्रम पाळायलाच हवा. आधी डीएनएस नोंदीचा टीटीएल (नोंद किती वेळ साठवून वापरायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा आणि जुना टीटीएल जितका होता तितका वेळ थांबा. मग नोंद बदला किंवा काढा. जुन्या पत्त्यावर अजून कोण येतंय ते लॉगमध्ये पाहा, भागीदारांच्या फायरवॉलमधून तो काढायला सांगा, आणि त्यानंतरच पत्ता सोडा. काही दिवस तो रिकामा ठेवण्याचे पैसे जरूर खर्च करावेत. एडब्ल्यूएसवर चुकून सोडलेला इलॅस्टिक आयपी परत मागता येतो, पण तोवर तो दुसऱ्या कोणाला गेलेला नसेल तरच.

पत्ते कमी करायचे तर अनेक सर्व्हर एका नॅट गेटवेमागे (अनेक सर्व्हरना एकाच पब्लिक पत्त्यावरून बाहेर जाऊ देणाऱ्या यंत्रणेमागे) ठेवतात. इथे पोर्टचं गणित येतं. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात, त्यातले पहिले १,०२४ सोडले तर उरतात ६४,५१२. अझूर आणि गूगल क्लाउड एका पत्त्यामागे इतकेच मोजतात. एडब्ल्यूएसच्या नॅट गेटवेवर एका पत्त्यामागे एकाच ठिकाणाकडे एकावेळी ५५,००० कनेक्शन्स होतात. पोर्ट संपले की काही विनंत्या जातात, काही टाइमआउट होतात, आणि दोष समोरच्या सेवेचा वाटतो. अशा वेळी नॅटला आणखी एक पत्ता जोडावा, पण त्याआधी प्रोग्रॅम प्रत्येक विनंतीला नवं कनेक्शन उघडतोय का ते तपासावं. बऱ्याचदा खरं दुखणं तिथेच सापडतं.