दाढेची कॅप: आजच, की आठवड्याने?

“आजच बसवू या, की माप घेऊन लॅबला पाठवू?” डॉक्टरांनी विचारलं आणि मावशीनं माझ्याकडे पाहिलं. डोंबिवलीहून दादरला यायचं म्हणजे तिचा अर्धा दिवस जातो, त्यात पुलाच्या पायऱ्या आणि गुडघे. ‘आजच’ हा शब्द तिला गोड वाटला असणार. तरी तिनं हळूच विचारलं, “इतक्या झटपट केलेली टिकेल का गं?”

शंका रास्त होती. तिचं उत्तर शोधायचं, तर कॅप किती तासांत होते याच्याआधी ती कशाला धरून उभी राहते ते पाहावं लागतं.

मावशीच्या दाढेचं रूट कॅनल झालं होतं, म्हणजे आतली नस काढून पोकळी भरली होती. अशी दाढ ‘मेल्यामुळे’ ठिसूळ होते, असं घरोघरी सांगितलं जातं. खरं कारण साधं आहे: कीड काढताना आणि आत शिरायला वाट करताना दाढेचं छप्पर जातं, उरतात त्या उभ्या भिंती. माणूस दाढेनं जोर लावून चावतो तेव्हा पन्नास ते सत्तर किलो वजनाइतका भार तिथे येऊ शकतो. सुपारीचं एखादं खांड त्या भिंतींच्या मधोमध आलं, की त्या बाहेर फाकतात आणि दाढ उभी चिरते. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवतात, तसं काम कॅप करते. सगळ्या भिंती बाहेरून आवळून धरते. त्यासाठी कॅपच्या कडेच्या आत चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर उंचीचा तरी निरोगी दात उरलेला हवा. तो नसेल, तर कॅप एका तासात केलेली असो वा महिन्यात, पकड कच्चीच राहणार. माझ्या मते डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हा: माझा दात किती उरलाय?

जुनी पद्धत आपल्या ओळखीची आहे. दाढ चहूबाजूंनी घासायची, सिलिकॉनच्या लगद्यानं माप घ्यायचं, टेम्पररी कॅप लावून घरी पाठवायचं. माप लॅबमध्ये जातं, त्यात प्लास्टर ओतून दाढेची प्रतिकृती होते. परळच्या एका गाळ्यात मी हे काम जवळून पाहिलं आहे. तंत्रज्ञ पोर्सेलिनची पूड पाण्यात कालवून कुंचल्यानं थरावर थर चढवत होता आणि खरी कॅप असायला हवी त्यापेक्षा मुद्दाम मोठी करत होता, कारण भट्टीत ती आक्रसते. किती आक्रसेल याचा अंदाज त्याच्या बोटांत होता. पुढच्या दाताची कडा जराशी पारदर्शक, हिरडीजवळ किंचित पिवळसर, मध्ये एखादी पुसट पांढरी रेघ, हे सगळं त्या कुंचल्यातून उतरतं. हसताना दिसणाऱ्या दातासाठी मी आजही असा हात शोधेन आणि त्यासाठी दोन काय, तीन खेपाही घालेन.

त्याच दिवशी कॅप देण्याची कल्पना झुरिकची. तिथले दंतवैद्य वेर्नर म्योरमान आणि अभियंता मार्को ब्रांडेस्टिनी यांनी कॅमेऱ्यानं दाताचं माप घेऊन खुर्चीशेजारीच सिरॅमिक कोरणारं यंत्र बनवलं आणि १९८५ साली पहिल्या रुग्णाच्या दातात असा तुकडा बसवला. ती कॅप नव्हती, दातातला खड्डा भरणारा छोटा तुकडा होता. पूर्ण कॅप पुढे आल्या. आज पेनापेक्षा थोडा जाड स्कॅनर तोंडात फिरवला, की पडद्यावर दाढ उभी राहते. डॉक्टर तिच्यावर कॅप रेखतात आणि यंत्र पाण्याच्या फवाऱ्याखाली हिऱ्याच्या कणांच्या अवजारांनी ती कोरून काढतं.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग रंगाचा. लिथियम डायसिलिकेट नावाच्या सिरॅमिकची वडी यंत्रात जाते तेव्हा जांभळट निळी असते. या अवस्थेत ती तुलनेनं मऊ असते, म्हणून लवकर कोरली जाते. मग कॅप सुमारे ८५० अंश सेल्सिअसच्या छोट्या भट्टीत ठेवतात. आत सुईसारखे स्फटिक वाढून एकमेकांत गुंततात, ताकद अडीच-तीन पटींनी वाढते आणि बाहेर येते ती दाताच्या रंगाची कॅप. एखादी भेग पुढे सरकू पाहते तेव्हा या सुया तिची वाट अडवतात. मावशीच्या ‘टिकेल का’चं अर्धं उत्तर इथे आहे: टिकाऊपणा साहित्यातून आणि भट्टीतून येतो. शिवाय आज बऱ्याच लॅबमध्येही अशीच वडी आणि असंच यंत्र असतं.

झिरकोनिया या दुसऱ्या सिरॅमिकची गोष्ट वेगळी. ती खडूसारख्या मऊ अवस्थेत पंचवीसेक टक्के मोठी कोरतात आणि साधारण १५०० अंशांवर भाजतात. नेहमीच्या भट्टीत याला काही तास लागतात, म्हणून हे काम बहुधा लॅबकडे असतं. आता वेगवान भट्ट्याही आल्या आहेत. झिरकोनियाची खुबी अशी, की भेग पडू लागली तर तिच्या टोकाशी असलेले स्फटिक आपली रचना बदलतात, फुगतात आणि भेगेला दाबून धरतात. १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी हा गुण मांडला, तेव्हा त्याला ‘सिरॅमिक पोलाद’ म्हणावं का, असाच प्रश्न लेखाच्या शीर्षकात विचारला होता. रात्री दात खाणाऱ्या माणसाच्या मागच्या दाढेला मी हेच सुचवेन.

मग ‘आजच’चा फायदा काय? फक्त वाचलेली खेप नव्हे. रूट कॅनल न झालेला जिवंत दात घासला, की वरच्या कवचाखालच्या थरातल्या, डेंटिनच्या, सूक्ष्म नळ्या उघड्या पडतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये त्या हजारोंनी असतात. टेम्पररी कॅपच्या फटीतून गार पाणी शिरलं की ठणका त्यामुळेच. माझी स्वतःची टेम्पररी कॅप संक्रांतीला तिळाच्या वडीबरोबर निघून आली आणि पुढचे चार दिवस मी एका बाजूनं जेवले. त्याच दिवशी पक्की कॅप चिकटली, तर त्या नळ्या लगेच बंद होतात.

पण स्कॅनरला दिसतं ते प्रकाश पोचेल तेवढंच. कीड हिरडीखाली खोल गेली असेल, रक्त येत असेल, लाळ साचत असेल, तर कॅपची कडा पडद्यावर पुसट होते. कॅप आणि दात यांच्यातली फट १२० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालते, असा दंडक १९७१ पासून मानला जातो. दोन्ही पद्धतींनी तो नीट पाळता येतो, मात्र कडा दिसली तर. जिवाणू मायक्रॉन-दोन मायक्रॉनचे. अंदाजानं आखलेल्या कडेखाली त्यांना घर करायला वेळ लागत नाही. अशा दाढेला आधी हिरडी बरी होऊ द्यावी, माप नंतर घ्यावं. इथे थांबणारा डॉक्टर मला यंत्र असलेल्या डॉक्टरपेक्षा मोलाचा वाटतो.

यंत्र महाग, म्हणून त्याच दिवशीची कॅप बहुधा महाग पडते. ते झेपत नसेल तर कमीपणा मानू नये. सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय इथे खेपा जास्त पडतात, पण काम शिक्षकांच्या नजरेखाली होतं.

मावशीच्या दाढेची कडा हिरडीच्या वर होती, भिंती जाड होत्या. तिनं ‘आजच’ म्हटलं. कॅप बसल्यावर, जिथे दात टेकतो तिथे ठिपका उमटवणारा निळा कागद दातांत धरून डॉक्टरांनी तिला टकटक करायला लावलं. हिरडीसाठी दिलेल्या इंजेक्शनमुळे जबडा बधिर, त्यामुळे ती प्रत्येक वेळी “बरोबर आहे” म्हणायची. दाताच्या मुळाभोवतीच्या धाग्यांना वीस-एक मायक्रॉनचा उंचवटाही कळतो, रूट कॅनल झालेल्या दाढेतही. पण भूल उतरल्यावर. रात्री नऊला तिचा फोन आला, “उंच लागतंय गं.” शनिवारी पुन्हा दादर. डॉक्टरांनी निळ्या ठिपक्यावर यंत्र जेमतेम टेकवलं, पॉलिश केलं आणि पुन्हा कागद दिला. मावशीनं डोळे मिटून दोनदा चावून पाहिलं. “आता माझी दाढ वाटते,” म्हणाली.