काळा दाणा घेताना: ब्रोमीनची तपासणी

एबीएस आणि हिप्स या कडक प्लास्टिकचा काळा दाणा (भंगार वितळवून केलेला, मोल्डिंगचा कच्चा माल) बराचसा जुन्या टीव्हीचे मागचे कव्हर, मॉनिटरची बॉडी अशा भंगारातून येतो. हे भाग पेट घेऊ नयेत म्हणून त्यांत ब्रोमीनयुक्त रसायने घालत. टीव्हीच्या हिप्समध्ये डेकाबीडीई या अशाच एका रसायनाचे प्रमाण वजनाच्या 12 टक्क्यांच्या आसपासही असे. 2017 साली ते घातक, टिकून राहणाऱ्या रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेले, पण जुना माल भंगारात येतोच आहे. धुऊन किंवा वितळवून ते निघत नाही.

ई-कचरा नियमांत पीबीडीई गटाची (डेकाबीडीई त्यातलेच) मर्यादा 0.1 टक्का आहे. म्हणजे 12 टक्केवाला एक किलो चुरा (दळलेले भंगार) मर्यादेत आणायला एकूण 120 किलो माल लागेल. चांगल्या मालात तो मुरवणे ही सफाई नव्हे, म्हणून आम्ही तो आधीच वेगळा काढतो.

साध्या पाण्यावर पीपी-पीई हे हलके प्लास्टिक तरंगते, ते काढून घ्यायचे. मग 100 लिटर पाण्यात साधारण 16 किलो मीठ, घनता 1.10. साधे एबीएस-हिप्स वर राहते, ब्रोमीनवाले तळाला जाते. चुऱ्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर जड तुकडेही तरंगतात. थोडा लिक्विड साबण घालून ढवळावे. ओल्या चुऱ्यामुळे मिठाचे पाणी पातळ होत जाते, म्हणून प्रत्येक घाण्याला हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) लावावाच. पॉलिकार्बोनेट हे जड प्लास्टिकही बुडते, तेवढे नुकसान सोसावे.

एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजणारे हातातले यंत्र) ब्रोमीन किती ते दाखवते, रसायन कोणते ते नाही. डेकाबीडीईत 83 टक्के ब्रोमीन असते, त्यामुळे आकडा 830 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 830) खाली असेल तर डेकाबीडीई मर्यादेतच आहे. वर गेला तर नमुना जीसी-एमएससाठी (रसायन नेमके ओळखणारी चाचणी) लॅबला पाठवा. सोबत अँटिमनी (एक धातूसारखे मूलद्रव्य) दिसली तर संशय पक्का धरा, कारण ती याच रसायनांच्या जोडीला घालतात. सुट्या दाण्यावर गन धरू नका, आकडा कमी येतो. दाणा दाबून जाड चकती करा.

मोल्डिंग करताना बॅरल जास्त तापले किंवा माल आत अडकून राहिला तर दाण्यातले ब्रोमीनचे रसायन मोडून आम्लाचा वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, मोल्डला गंज चढतो. तसा वास आला की हीटर बंद करा, एक्झॉस्ट चालू ठेवा आणि तो लॉट आम्हाला परत पाठवा.

तपासलेला असला तरी काळ्या दाण्यापासून चमचे, उलथणी, डबे, खेळणी करू नका. आम्ही तो अन्नासाठी किंवा मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूंसाठी विकत नाही. रनर (मोल्डच्या वाटेत उरलेले प्लास्टिक) आणि रिजेक्ट माल पोत्यावरचा लॉट नंबर लिहूनच वेगळा साठवा.