पिरॅमिड गुलामांनी बांधले?

इजिप्तमधल्या गिझाला दहा-बारा जणांचा ग्रुप घेऊन फिरणारे काही गाइड आजही चाबूक खाणाऱ्या गुलामांची गोष्ट रंगवून सांगतात. ऐकायला झकास, पण पुरावा उलटा आहे.

1990 मध्ये स्फिंक्सच्या, म्हणजे सिंहाचं धड आणि माणसाचं डोकं असलेल्या तिथल्या दगडी पुतळ्याच्या, दक्षिणेला एका घोड्याचा पाय विटांच्या भिंतीला अडखळला आणि तिथे कामगारांच्या कबरी सापडल्या. राजाच्या पिरॅमिडपासून हाकेच्या अंतरावर! आत परलोकासाठी ठेवलेली पाव-बिअरची भांडी होती. गुलामांना असा मान कोण देतो? सांगाड्यांमधली काही मोडलेली हाडं नीट जुळून आलेली आहेत, म्हणजे उपचार झाले होते. मणके मात्र झिजलेले. काम कंबरडं मोडणारंच होतं. शेजारच्या वस्तीत बेकऱ्या आणि गुरं-शेळ्यांच्या हाडांचे ढीगही मिळाले.

खुफू या राजाच्या पिरॅमिडमध्ये त्याच्या दालनावरच्या बंदिस्त पोकळ्यांत, जिथे पर्यटकांना सोडत नाहीत, कामगारांच्या टोळ्यांनी लाल रंगात आपली नावं लिहिली आहेत. एका टोळीचं नाव ‘खुफूचे मित्र’. 2013 मध्ये तांबड्या समुद्राकाठी मेरेर नावाच्या मुकादमाची पपायरसवरची (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरची) रोजनिशी सापडली. तुरा इथला चुनखडीचा दगड नावेतून गिझाला नेल्याच्या त्यात नोंदी आहेत.

म्हणून सगळे हौसेने आले होते असंही नाही. बरेच जण पाळीपाळीने सक्तीच्या राजसेवेवर आलेले असावेत, आपल्याकडच्या वेठबिगारीसारखे. मोबदला धान्य, पाव, बिअर. नाणी तेव्हा नव्हतीच.