ऐंशी किलोंचा माणूस घाट कसा चढला?

टूर द फ्रान्स ही अनेक टप्प्यांची सायकल शर्यत, सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेवर निकाल ठरणारी. १९९२च्या टूरमध्ये लक्झेंबर्गला ६५ किलोमीटरची टाइम ट्रायल झाली. यात सायकलपटू ठरावीक वेळेच्या फरकानं एकेकटे सुटतात, त्यामुळे पुढच्याच्या आडोशाला राहून वारा चुकवता येत नाही. स्पेनच्या मिगेल इंदुराइननं त्या दिवशी ताशी सरासरी ४९ किलोमीटर वेग राखला. दुसरा आलेला त्याच्या तीन मिनिटं मागे होता. लोराँ फिन्यों हा दोनदा टूर जिंकलेला खेळाडू इंदुराइनच्या सहा मिनिटं आधी सुटला होता. त्यालाही त्यानं वाटेत गाठून मागे टाकलं.

सपाटीवर एवढ्या वेगात जवळजवळ सगळी ताकद हवा कापण्यात जाते. आणि इथे थोराड अंगाचा फायदाच होतो. ६० किलोंच्या माणसाशी तुलना केली तर ८० किलोंच्या माणसाचं वजन एक तृतीयांशानं जास्त, पण हवेला सामोरं जाणारं क्षेत्रफळ साधारण एक पंचमांशानंच जास्त. स्नायू आणि फुप्फुसं वजनाच्या प्रमाणात मोठी असतील, तर जादा ताकदीतला काही भाग वेगासाठी उरतो.

घाटात मात्र हिशेब उलटतो. ८ टक्के चढावर ताशी २० किलोमीटर वेग ठेवायचा, तर नऊ किलोंच्या सायकलसकट ८० किलोंच्या माणसाला नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ३९० वॅट लावावे लागतात. ६० किलोंच्या माणसाचं काम ३०० वॅटमध्ये भागतं. म्हणून आल्प्स आणि पिरेनीजमधले राजे बहुतेक वेळा काटकुळे असतात.

इंदुराइन शेतकऱ्याचा मुलगा, पाम्प्लोनाजवळच्या गावातला, उंची सहा फुटांच्या वर. पहिल्या दोन टूर, १९८५ आणि १९८६च्या, त्यानं अर्ध्यावर सोडल्या. पुढचे क्रमांक बघण्यासारखे आहेत: ९७, ४७, १७, १० आणि १९९१ साली पहिला. मधली वर्षं तो संघाचा नेता पेद्रो देल्गादो याचा साथीदार होता, म्हणजे नेत्यासाठी वारा अंगावर घ्यायचा आणि स्वतःची संधी सोडायची. याच काळात त्याचं वजनही उतरलं. मला त्याच्या कारकिर्दीतला हा संथ भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण सहनशक्तीचे खेळाडू असेच वर्षानुवर्षांत घडतात.

१९९१ ते १९९५ अशा सलग पाच टूर त्यानं जिंकल्या. त्या पाचांत त्यानं जिंकलेला प्रत्येक टप्पा घड्याळाविरुद्धचा, म्हणजे टाइम ट्रायलचा होता. डोंगरात त्याला जिंकायचं नव्हतंच, फक्त चिवटपणे आघाडीच्या गटाला चिकटून राहायचं होतं. पण ऐंशी किलोंनिशी ते तरी कसं जमलं?

उत्तर प्रयोगशाळेत सापडतं. जिवाच्या आकांतानं सायकल मारताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हे मोजता येतं. इंदुराइनचा आकडा ६.४ लिटर होता, म्हणजे दर किलोमागे ७९ मिलिलिटर. थोराड माणसात एकूण लिटर जास्त असले तरी दर किलोमागचं प्रमाण सहसा घसरतं. त्याचं घसरलं नव्हतं. २ सप्टेंबर १९९४ला फ्रान्समधल्या बोर्दोच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींसाठीच्या बंदिस्त ट्रॅकवर, त्यानं तासाभरात ५३.०४० किलोमीटर कापून विश्वविक्रम केला, तेव्हाची सरासरी शक्ती संशोधकांनी सुमारे ५१० वॅट काढली. सवय नसलेल्याला १५० वॅटही तासभर टिकवणं जड जातं.

त्या दशकाबद्दल बोलताना एक गोष्ट लपवू नये. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं ईपीओ हे औषध तेव्हा या खेळात पसरलं होतं आणि ते पकडणारी चाचणी २०००च्या सुमारास आली. १९९६चा टूर विजेता ब्यार्ने रीस यानं पुढे ते घेतल्याची कबुली दिली. इंदुराइनवर कधी बंदी आली नाही, तरी त्या काळातले आकडे वाचताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावीच लागते.

१९९६च्या टूरमध्ये आल्प्समधल्या ले आर्कच्या चढावर इंदुराइन अचानक ढेपाळला. हातानं पाण्याची खूण करत होता आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्येच तीन मिनिटांहून जास्त वेळ गेला. शरीरातला साखरेचा साठा, ग्लायकोजेन, जेमतेम २००० किलोकॅलरींचा असतो. टूरमध्ये दिवसाला सुमारे ६००० खर्च होतात. खाण्यापिण्याचा ताळमेळ चुकला की पाय बंद पडतात आणि जड माणसाला चढावर त्याची किंमत जास्त मोजावी लागते. टूरमध्ये तो अकरावा आला. पण काही आठवड्यांनी अटलांटा ऑलिंपिकच्या टाइम ट्रायलमध्ये, जिथे आल्प्ससारखे घाट नव्हते, त्यानं सुवर्णपदक जिंकलं. १९९७च्या जानेवारीत तो निवृत्त झाला.

निवृत्तीनंतर चौदा वर्षांनी त्याची पुन्हा चाचणी झाली. वय ४६, वजन ९२ किलो. कमाल शक्ती ५७२ वॅटवरून ४५० वॅटवर आलेली. ऑक्सिजन मिनिटाला ५.२९ लिटर, म्हणजे जुन्या आकड्यापेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी कमी. दर किलोमागे मोजलं तर मात्र घट २७ टक्क्यांची. सपाटीवर तो अजूनही भल्याभल्यांना मागे टाकू शकला असता. घाटात मात्र वाढलेले अकरा-बारा किलो आडवे आले असते.