एचपी ४८ जी व ४८ जीएक्स कॅल्क्युलेटरचा सिरियल पोर्ट : केबल जोडण्यापूर्वी कृपया वाचावे

एचपी ४८ जी आणि ४८ जीएक्स हे आलेख काढणारे कॅल्क्युलेटर १९९३ मध्ये बाजारात आले. त्यांच्या वरच्या कडेला असलेला चार पिनांचा छोटा पोर्ट हा खराखुरा सिरियल पोर्ट (माहितीचे बिट एकामागून एक पाठवणारी जोडणी) असल्यामुळे संगणक, डिजिटल वजनकाटा किंवा प्रयोगशाळेतील मापनयंत्र त्याला जोडता येते. ‘पोर्ट गेला’ म्हणून आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ कॅल्क्युलेटरांचा पोर्ट ठणठणीत असतो. दोष केबलचा किंवा सेटिंगचा निघतो.

चार पिनांपैकी एक शील्डची (केबलच्या धातूच्या आवरणाची) असते, उरलेल्या तीन अनुक्रमे माहिती पाठवण्याची, घेण्याची आणि ग्राउंडची. कॅल्क्युलेटरची पाठवण्याची तार संगणकाच्या नऊ पिनी कनेक्टरच्या २ क्रमांकाला, घेण्याची ३ क्रमांकाला आणि ग्राउंड ५ क्रमांकाला जोडावी. ‘मी तयार आहे’ असे सांगणाऱ्या जादा तारा या पोर्टला नाहीत. समोरचे यंत्र त्या इशाऱ्यावाचून काम करत नसेल, तर त्याच्याच बाजूला ७ व ८ आणि ४ व ६ या पिना आपसात जोडून द्याव्यात.

कॅल्क्युलेटर तीन छोट्या सेलांवर चालत असल्यामुळे त्याच्या पोर्टचा व्होल्टेज संगणकाच्या पोर्टपेक्षा बराच कमी असतो, आणि काही यूएसबी कन्व्हर्टर तो ओळखत नाहीत. अशा वेळी कॅल्क्युलेटर उघडण्याआधी कन्व्हर्टर बदलून पाहावा. मायक्रोकंट्रोलरच्या (एका चिपवरच्या छोट्या संगणकाच्या) ५ व्होल्टच्या पिनांना मात्र हा पोर्ट कधीही थेट जोडू नये. येथे शून्य आणि एकचे संकेत उलटे असतात, शिवाय ऋण व्होल्टेजमुळे बोर्डाला इजा पोहोचू शकते. मधे व्होल्टेज जुळवून देणारी मॅक्स २३२ सारखी चिप घालणे आवश्यक आहे.

आता सेटिंग. आय/ओ मेनूमध्ये इन्फ्रारेडऐवजी वायर निवडलेले आहे ना, हे आधी पाहावे. बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग, १२००, २४००, ४८०० किंवा ९६०० ठेवता येतो आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच हवा. संगणकाशी फायलींची देवाणघेवाण करताना कर्मिट प्रोटोकॉल (फायली पाठवण्याची ठरलेली पद्धत) वापरावा. संगणकावरून आणलेला प्रोग्राम चालण्याऐवजी स्टॅकवर (पडद्यावर दिसणाऱ्या मूल्यांच्या यादीत) ‘एचपीएचपी४८’ या अक्षरांनी सुरू होणारी अगम्य मजकुराची ओळ दिसली, तर फाइल बायनरी पद्धतीने आलेली नाही असे समजावे आणि ती त्या पद्धतीने पुन्हा पाठवावी.

वजनकाट्याला कर्मिट कळत नाही. तो नुसती अक्षरे पाठवतो. काट्याच्या पुस्तिकेत १२०० बॉड, ७ बिट आणि विषम पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) दिली असेल, तर पोर्टची सेटिंग साठवणाऱ्या आयओपार (IOPAR) या चलातील पहिली संख्या १२०० आणि दुसरी, म्हणजे पॅरिटीची, १ ठेवावी. ओपनआयओ (OPENIO) या आज्ञेने पोर्ट उघडून काट्याचे प्रिंट बटण दाबावे. किती अक्षरे आली ते बफलेन (BUFLEN) ही आज्ञा सांगते आणि तितकी अक्षरे एसरेक (SRECV) या आज्ञेने स्टॅकवर घेता येतात. बफरमध्ये (आलेली अक्षरे तात्पुरती साठवण्याच्या जागेत) जेमतेम २५५ अक्षरे मावतात, त्यामुळे प्रत्येक वजन आले की लगेच उचलावे. आलेल्या ओळीत ‘ग्रॅम’चे चिन्ह आणि मोकळ्या जागाही असतात, सब (SUB) या आज्ञेने फक्त आकडे कापून घेऊन मगच त्यांची संख्या करावी.

काम संपल्यावर क्लोजआयओ (CLOSEIO) ही आज्ञा न चुकता द्यावी, कारण पोर्ट उघडा राहिला की सेल लवकर उतरतात.