दक्षिण आफ्रिकेतील सार्वजनिक प्रसारण : स्वायत्तता व नियमन

दक्षिण आफ्रिकेची सार्वजनिक नभोवाणी व दूरचित्रवाणी साउथ आफ्रिकन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन ही संस्था (यापुढे एसएबीसी) चालवते. तिच्यासह सर्व प्रसारणावर इकासा या प्राधिकरणाचे नियमन असते.

देशातील पहिले प्रायोगिक ध्वनिप्रक्षेपण १९२३ च्या अखेरीस जोहान्सबर्गला झाले असावे; नियमित प्रक्षेपण १९२४ पासूनचे. १९२७ मध्ये श्लेझिंगर यांच्या खासगी कंपनीकडे ते एकवटले. १९३४ मध्ये बीबीसीचे जॉन रीथ यांनी पाहणी करून सार्वजनिक महामंडळाची शिफारस केली, आणि १९३६ च्या कायद्याने एसएबीसी स्थापन झाली. ती आरंभी खरोखर स्वायत्त होती का, याबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार रीथ यांचा, म्हणजे सरकारपासून अलिप्त सार्वजनिक संस्थेचा, नमुना बराच काळ टिकला. पीट मेयर १९५९ मध्ये मंडळाचे अध्यक्ष झाल्यावरच एसएबीसी वर्णभेदी राजवटीच्या प्रचाराचे साधन बनली. मेयर पुढे ब्रूडरबाँड या आफ्रिकानरांच्या (डच वंशाच्या गोऱ्यांच्या) गुप्त संघटनेचेही प्रमुख झाले, हे खरे. तथापि मंडळाच्या नेमणुका मूळ कायद्यानेच गव्हर्नर-जनरलच्या, म्हणजे व्यवहारात सरकारच्या हाती दिल्या होत्या; बहुसंख्य कृष्णवर्णीयांना तर त्यात स्थानच नव्हते. त्यामुळे दोषाचे मूळ १९३६ मध्येच शोधणारे मत अधिक ग्राह्य वाटते. दूरचित्रवाणी ५ जानेवारी १९७६ ला सुरू झाली.

१९९३ मध्ये मंडळाची निवड प्रथमच खुल्या मुलाखतींतून झाली, तरी राष्ट्राध्यक्ष द क्लर्क यांनी काही नावे बदललीच. त्याच वर्षीच्या कायद्याने स्वतंत्र नियामक आला. १९९६ च्या संविधानातील कलम १९२ प्रसारणाचे नियमन लोकहितार्थ करणारे स्वतंत्र प्राधिकरण अनिवार्य ठरवते. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. हे कलम लोकशाहीच्या पाठराखणीसाठी असलेल्या संस्थांच्या नवव्या प्रकरणात येते, परंतु त्या संस्थांची गणना करणाऱ्या कलम १८१ च्या यादीत या प्राधिकरणाचे नाव नाही. म्हणून लोकपाल किंवा निवडणूक आयोगासारखे संरक्षण त्याला मिळते का, हा वाद आहे. पदच्युतीविषयीचे कलम १९४ त्याला थेट लागू होत नाही. म्हणजे सदस्यांचे संरक्षण साध्या कायद्यावर अवलंबून राहते. संविधानकारांनी ही उणीव ठेवायला नको होती. जुना नियामक व दूरसंचार नियामक यांच्या विलीनीकरणातून २००० मध्ये इकासा निर्माण झाली.

एसएबीसीच्या मंडळावरील १२ बिगर-कार्यकारी सदस्य नॅशनल असेंब्लीच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) शिफारशीवरून राष्ट्राध्यक्ष नेमतात. कार्यकारी संचालक याशिवाय असतात. त्यांच्या नेमणुकीत मंत्र्याचा शब्द चालतो का, हाच कळीचा प्रश्न ठरला. २०१६ च्या मे महिन्यात, एसएबीसीचे मुख्य परिचालन अधिकारी ह्लौदी मोत्सोनेंग यांच्या कारकिर्दीत, निदर्शकांनी सार्वजनिक मालमत्ता जाळल्याची दृश्ये न दाखवण्याचे धोरण जाहीर झाले. नगरपालिका निवडणुका तोंडावर होत्या. इकासाने जुलैमध्ये ते मागे घ्यायला लावले. बातमीवरील अशा निर्बंधांना विरोध करणाऱ्या ८ पत्रकारांना मात्र नोकरी गमवावी लागली आणि न्यायालयाची पायरी चढावी लागली. ऑक्टोबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने निर्णय दिला की कार्यकारी संचालक निवडणे हे मंडळाचे काम असून मंत्र्याला त्यात अधिकार नाही. या विषयातील हा सर्वांत मोलाचा निवाडा होय.

उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींतून येतो. दूरचित्रवाणी परवाना शुल्क वर्षाला २६५ रँड असून ते भरणारे फार थोडे आहेत. २०१९ मध्ये राज्याने ३.२ अब्ज रँडचे साहाय्य मंजूर केले, ते पुनर्रचनेच्या अटींवर.