सदृश की विविक्त : नियंत्रक घडवणाऱ्यापुढील निवड

सदृश म्हणजे अ‍ॅनालॉग प्रणालीत विद्युतदाब हा मूळ भौतिक राशीबरोबर अखंड बदलत राहतो. विविक्त प्रणालीत तीच राशी ठरावीक क्षणांनाच वाचली जाते, आणि ते वाचन ठरावीक पायऱ्यांच्या आकड्यांत बसवले की प्रणाली अंकीय होते. पाठ्यपुस्तके या दोन वेगळ्या वाटा म्हणून शिकवतात. काम करणाऱ्या विकसकाला मात्र बहुधा दोन्ही वापराव्या लागतात, आणि त्यांच्यातली सीमा कुठे आखायची हा खरा प्रश्न असतो.

इंदुरात शेव-नमकीन तळणाऱ्या कारखान्यातील कढईचा तापमान-नियंत्रक हे याचे जवळचे उदाहरण होय. नवा घाणा पडला की तेल थंडावते आणि बर्नर वाढवावा लागतो. परंतु मोठ्या कढईतले तेल सावकाश तापते-निवते, त्यामुळे सेकंदाला पाच वाचने भरपूर होतात आणि साधा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, हे काम निवांत करतो. लवंग शेवेसाठी एक आणि जाड गाठियासाठी दुसरे तापमान हवे असेल, तर आकडा बदलला की झाले; केवळ सदृश मंडलात त्यासाठी पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलता येणारा रोधक) फिरवावा लागतो, आणि भट्टीशेजारच्या तापलेल्या पेटीत त्याची जुळणी सरकते ती वेगळीच.

येथवर अंकीय बाजू सरस दिसते. अडचण संवेदकापाशी सुरू होते. के-प्रकारचे थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या सांध्यातून तापमानानुसार विद्युतदाब देणारा संवेदक, अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देते, तर ५ व्होल्टवर चालणाऱ्या १० बिटांच्या परिवर्तकाची (विद्युतदाबाचा आकडा करणाऱ्या एडीसीची) एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे जवळजवळ १२० अंशांची असते. थर्मोकपल थेट जोडले, तर गार तेल आणि तळणीचे तेल यांत जेमतेम एका पायरीचा फरक पडेल! मध्ये संकेत शंभरपट मोठा करणारा सदृश प्रवर्धक (अ‍ॅम्प्लिफायर) घातल्यावर पायरी १.२ अंशांवर येते.

दुसरी अडचण विजेच्या गुणगुणीची. मोटारींजवळून गेलेल्या तारेत ५० हर्ट्झचा गोंगाट शिरतो. सेकंदाला पाच वाचने घेताना वीजपुरवठ्याची वारंवारता ४९.९ हर्ट्झवर उतरली, तर तो गोंगाट दहा सेकंदांच्या संथ लहरीसारखा दिसतो, आणि नियंत्रक तिला तेलाचे तापमान समजून बर्नर कमी-जास्त करत बसतो. नायक्विस्ट (१९२८) आणि शॅनन (१९४९) यांनी मांडलेल्या मर्यादेचा, म्हणजे संकेतातील सर्वाधिक वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेगाने वाचने घ्यावी लागतात या नियमाचा, हा रोकडा अनुभव होय. वाचन झाल्यावर खरी लहर आणि खोटी लहर वेगळी काढता येत नाही. म्हणून रोधक आणि कॅपॅसिटरची गाळणी परिवर्तकाच्या आधीच लागते.

वेगाच्या बाबतीत तडजोडीला फारच थोडी जागा असते. पीठ मळणाऱ्या मोटारीच्या ड्राइव्हमधील (वेग-नियंत्रक पेटीतील) आयजीबीटी, म्हणजे मोठा प्रवाह चालू-बंद करणारा अर्धवाहक स्विच, लघुमंडलात (शॉर्ट सर्किटमध्ये) साधारणतः १० मायक्रोसेकंदच तग धरतो. मिलिसेकंदाला एकदा फिरणारी आज्ञावली तेथे शंभरपट उशिरा पोहोचेल, म्हणून हे संरक्षण आज्ञावलीवर न सोपवता सदृश तुलनकाकडे, म्हणजे दोन विद्युतदाबांची थेट तुलना करणाऱ्या मंडलाकडे, दिले जाते.

इंदूरच्याच राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रातील इंडस-२ या १७२.५ मीटर परिघाच्या इलेक्ट्रॉन-साठवण वलयात (इलेक्ट्रॉन वेगाने फिरते ठेवणाऱ्या यंत्रात) त्यांना ऊर्जा देणाऱ्या संकेताची रेडिओ-वारंवारता ५०५.८ मेगाहर्ट्झ आहे. इतक्या वेगवान संकेताचे नियंत्रण अंकीय करायचे, तरी तो थेट वाचण्याऐवजी सदृश मिश्रकाने (दोन संकेत मिसळून वारंवारता बदलणाऱ्या मंडलाने) आधी कमी वारंवारतेवर उतरवणे हीच रूढ पद्धत आहे.